लूव्र म्युझियम: हमुराबीच्या शिळेसाठी तरी जाच
पॅरिसला गेलात तर मोनालिसाच्या गर्दीतनं बाहेर पडून रिशेल्यू विंगमधली प्राचीन बॅबिलोनचा राजा हमुराबी याची शिळा बघाच, सव्वादोन मीटर उंच काळा बसाल्ट, वरती सूर्यदेव शमश बसलाय नि राजा हात तोंडाशी नेऊन समोर उभा, म्हणजे राज्य देवाच्या हुकमानं चालतं हे आधीच ठणकावून सांगितलंय. खाली पावणेचार हजार वर्षांपूर्वीचे कायदे. व्यभिचारात सापडलेल्या बाईला नि त्या पुरुषाला बांधून पाण्यात टाकायचं, नवऱ्यानं माफ केलं तरच ती वाचणार, अंगावर काटा येतो. पण नवरा बाहेरख्याली आणि बायको निर्दोष असेल तर ती स्त्रीधन घेऊन माहेरी जाऊ शकायची, हे मला फार मोलाचं वाटलं! मंगळवारी बंद असतं, बुकिंग आधी करा.