परदेशात इमारत एक, खाती तीन: पैसे कुणी भरायचे?

दोन-तीन सरकारी खात्यांनी परदेशात एकच इमारत वापरायची ठरली की जागेवर पटकन एकमत होतं. पैशाची फाइल मात्र अभिप्रायासाठी फिरत राहते. ती तुमच्या टेबलावर आली असेल, तर मार्ग तीन आहेत.

सगळा खर्च एकाच खात्याने उचलायचा, हा टिपणी लिहायला सर्वात सोपा. पण बाकीच्यांना जागा फुकट पडते, म्हणून त्यांची मागणी वाढतच जाते आणि गळतीची दुरुस्ती निघाली की ते खातं वित्त विभागाकडे एकटंच खेटे घालतं. हा मार्ग मी बाद करेन.

दुसरा, पदांप्रमाणे वाटा. १९९८ मध्ये नैरोबी आणि दार-एस-सलाम इथल्या वकिलातींवर बॉम्बहल्ले झाल्यावर अमेरिकेने १४ वर्षांत सुमारे १५० सुरक्षित वकिलाती बांधायचं योजलं. २००५ पासून परदेशात माणसं ठेवणाऱ्या प्रत्येक खात्यावर त्या बांधकामाच्या खर्चाचा वाटा बसला. मंजूर पद रिकामं असलं तरी आकारणी होते, आणि गोपनीय कामाच्या जागेचा दर जास्त. त्यामुळे खाती पदं मागताना हात आखडता घेतील, हा हेतू. पण आकारणी जगभरच्या पदांवर. साहजिकच, जिथे आपल्या माणसांना नवी इमारत मिळणार नाही, तिथेही पैसे का, म्हणून वाद झाला.

हा सवाल मुंबईत प्रत्येक सोसायटीने ऐकलाय. आमच्या दादरच्या इमारतीत तळमजल्यावरच्या आजोबांनी मेंटेनन्सच्या बिलातली लिफ्टची ओळ पेनाने खोडून तेवढ्या कमी रकमेचा चेक दिला होता. सेक्रेटरींनी उपविधींचं पुस्तक उघडून समोर धरलं: लिफ्ट वापरा न वापरा, खर्च इमारतीतल्या सर्व सभासदांना समान. आजोबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि उरलेले पैसे भरले. नियम आधीच लिहिलेला होता, म्हणून तिथल्या तिथे मिटलं.

तिसरा, क्षेत्रफळाप्रमाणे. मोजमाप स्वच्छ, पण जिने, पहारा आणि बैठकीचं दालन कुणाच्या नावावर मांडायचं? बर्लिनला पाच नॉर्डिक देशांनी १९९९ मध्ये संकुल उभारलं, तेव्हा प्रत्येकाची वकिलात वेगळी ठेवून सभा-प्रदर्शनांसाठी एक सामायिक इमारत बांधली. अशी विभागणी नकाशातच करता येत असेल तर हा मार्ग उत्तम.

जुनी इमारत विकत घेत असाल तर मी दुसरा आणि तिसरा एकत्र करेन: खरेदी आणि मोठी दुरुस्ती क्षेत्रफळावर, वीज-पाणी-पहारा मंजूर पदांवर.

आणि वापराची परवानगी सही करण्याआधी तपासा. लंडनमधलं डॉ. आंबेडकरांचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं. तिथे संग्रहालय करायला स्थानिक कौन्सिलने २०१८ मध्ये नकार दिला, मंजुरी २०२० मध्ये ब्रिटिश सरकारकडून आली. अशा मधल्या वर्षांतला खर्च कोणत्या लेखाशीर्षातून (म्हणजे बजेटमधल्या कोणत्या ओळीतून), रुपया घसरला तर फरक कुणाचा, आणि एखादं खातं मध्येच बाहेर पडलं तर त्याचा वाटा कुणाकडे, ही तीन कलमं करारात आकड्यांसकट घाला. वित्त विभाग पहिल्यांदा तीच विचारेल.