५० टक्के की २५ टक्के? कॉलेज बेसबॉलच्या ऑफर तोलताना

अमेरिकेत कॉलेजकडून बेसबॉल खेळण्यासाठी एका कोचने ५० टक्के स्कॉलरशिप देऊ केली, दुसऱ्याने २५. पहिली ऑफर दुप्पट वाटते. पण टक्के कशाचे ते आधी विचारा: नुसत्या ट्यूशनचे, की राहणं-खाणं, पुस्तकं धरून एकूण खर्चाचे?

समजा, पहिलं परराज्यातलं डिव्हिजन वन विद्यापीठ आहे, म्हणजे कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए हिच्या सर्वांत वरच्या पातळीचं. एकूण वार्षिक खर्च ६०,००० डॉलर, पैकी ट्यूशन ४०,०००. ट्यूशनच्या ५० टक्के म्हणजे २०,००० सुटले, घरून ४०,००० भरायचे. दुसरं तुमच्याच राज्यातलं, त्याखालच्या डिव्हिजन टू पातळीचं सरकारी कॉलेज, एकूण खर्च ३०,०००. त्याच्या २५ टक्के म्हणजे ७,५००, शिवाय मार्कांवर मिळालेले ६,०००. घरून १६,५०० जातात. खर्च तोच राहिला असं धरलं, तरी चार वर्षांत फरक ९४,००० डॉलरचा. आणि खर्च तोच राहत नाही. ऑफर टक्क्यांऐवजी ठरावीक डॉलरमध्ये असेल, तर प्रत्येक फीवाढ तुमच्या खिशातून जाते.

मार्कांवरच्या पैशाची अट नीट वाचा. ठरावीक जीपीए (गुणांची सरासरी) टिकवावा लागतो, आणि डिव्हिजन वनमध्ये सीझन ५६ सामन्यांपर्यंतचा असतो. पहिल्याच वसंतात बसप्रवास आणि बुडालेल्या तासांपायी जीपीए घसरला, की ही रक्कम जाते, बेसबॉलची राहते.

डिव्हिजन वनचे जुने नियम आता सगळीकडे लागू नाहीत. पूर्वी एका संघाला ११.७ पूर्ण स्कॉलरशिपइतकी रक्कम असे आणि ती अनेक खेळाडूंत वाटली जाई. खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध केलेल्या हाऊस खटल्यात २०२५ मध्ये झालेल्या तडजोडीनंतर, तिच्यात सामील झालेल्या कॉलेजांना ही मर्यादा नाही. रोस्टर, म्हणजे संघातल्या खेळाडूंची यादी, मात्र जास्तीत जास्त ३४ जणांचं. मर्यादा गेली म्हणून पैसा आला असं नव्हे. कित्येक कॉलेजांचं बजेट होतं तिथेच आहे. कोचला थेट विचारा: तुम्ही सामील आहात का, माझ्या पोझिशनला किती जण आहेत, दरवर्षी दुसऱ्या कॉलेजांतून ट्रान्स्फरने किती आणता? डिव्हिजन टूमध्ये मर्यादा ९ ची, एनएआयए या एनसीएएहून वेगळ्या, बहुतेक लहान कॉलेजांच्या संघटनेत १२ ची. डिव्हिजन थ्री आणि हार्वर्ड-येलसारख्या विद्यापीठांच्या आयव्ही लीगमध्ये खेळासाठी एक डॉलरही नाही, पण उत्पन्न पाहून मिळणारी मदत कधीकधी या सगळ्यांना मागे टाकते.

दुखापतीचं कलम पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) तर दोनदा वाचावं. एनसीएएच्या नियमाने मदतीच्या मुदतीत दुखापत झाली किंवा खेळ घसरला म्हणून रक्कम कापता येत नाही. मुदतच एका वर्षाची असेल, तर हे संरक्षणही तेवढंच. कोपराच्या लिगामेंटवरच्या टॉमी जॉन शस्त्रक्रियेनंतर परतायला बहुधा वर्ष-दीड वर्ष लागतं. म्हणून आमच्या मते बहुवार्षिक ३५ टक्के हे एकवार्षिक ४५ टक्क्यांपेक्षा बरे.

तिसरी वाट ज्युनियर कॉलेजची (इथे ते बारावीनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज), आणि आपल्याकडचे पालक ती उगाच हलकी लेखतात. एनजेसीएए या ज्युनियर कॉलेजांच्या संघटनेतलं डिव्हिजन वनचं कॉलेज ट्यूशन, राहणं-खाणं, पुस्तकं असं सगळं देऊ शकतं. चार वर्षांच्या कॉलेजात गेलेल्याला मेजर लीगच्या ड्राफ्टसाठी (व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात तो) साधारण तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा एकविशीपर्यंत थांबावं लागतं; ज्युनियर कॉलेजवाल्याला नाही. धोका क्रेडिट्सचा: पुढचं विद्यापीठ कोणते विषय मान्य करतं हे आधी तपासलं नाही, तर पदवी लांबते.

एच-४ (पालकांच्या कामाच्या व्हिसावर आधारलेल्या) किंवा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरच्या मुलांना फॅफ्सा या अर्जातून मिळणारी केंद्र सरकारची मदत मिळत नाही, तेव्हा तो आकडा धरून हिशेब करू नका. एच-४ वर राज्याची स्वस्त ट्यूशन मिळेल की नाही, हे त्या-त्या राज्यावर आहे. शिवाय राहण्या-खाण्यासाठी मिळालेली स्कॉलरशिप करपात्र असते. एफ-१ वर त्यातून साधारणपणे १४ टक्के कर आधीच कापला जातो.

फोनवरचा शब्द कोणालाच बांधत नाही. खेळाडूला कॉलेजशी बांधणारं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट हे पत्र २०२४ मध्ये बंद झालं. आता सही आर्थिक मदतीच्या करारावर होते. रक्कम, ती कशासाठी, किती वर्षं आणि कोणत्या अटींवर, हे कागदावर येईपर्यंत दुसऱ्या कोचला नकार कळवू नका.