पहिली इलेक्ट्रिक गिटार: पॅसिफिका ११२व्ही आणि कटाना मिनी

नवीन शिकणाऱ्याला मी बिनधास्त यामाहा पॅसिफिका ११२व्ही सांगतो, कारण हिच्यात दोन सिंगल कॉइल (तारांचा आवाज पकडणारे एका कॉइलचे पिकअप) आणि ब्रिजला, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथे, एक हमबकर (दोन कॉइलचा पिकअप) आहे, म्हणजे स्वच्छ आवाजही मिळतो आणि रॉकसाठी जाडजूड डिस्टॉर्शनही (तो रॉकमधला फाटका, घोगरा आवाज), आणि टोनची नॉब वर ओढली की तोच हमबकर सिंगल कॉइलसारखा वाजतो, हे फारच भारी आहे राव! सुरुवातीला आपल्याला काय वाजवायला आवडेल हे कुठे माहीत असतं.

घेताना एक बघाच, पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पहिल्या धातूच्या पट्टीपाशी, तार दाबून बघा. बोट जास्त दुखत असेल तर नट (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती खाचांची पट्टी) उंच आहे, सेटअप करून, म्हणजे तारांची उंची नीट लावून मागा. नवख्याचा हुरूप तिथेच जातो आणि दोष मात्र तो स्वतःला देतो, याचं खरंच वाईट वाटतं.

अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा, बॉस कंपनीचा कटाना मिनी. ७ वॉट, ४ इंची स्पीकर, बॅटरीवर चालतो, हेडफोन लावता येतो, घरी सरावाला भरपूर झालं. ड्रमसोबत वाजवायचं असेल तर मात्र नाही पुरणार, तेव्हा मोठा बघा. ट्यूनर (तारा सुरात लावायला) आणि चांगली केबल सोबतच घ्या.