क्लोजर वापरून नऊ महिने झाले: गावच्या डेअरीच्या हिशेबाचा अनुभव

दिवसभर मी बेळगावात नोकरीवर जावा या भाषेत प्रोग्राम लिहितो. क्लोजर या दुसऱ्या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहितो ते संध्याकाळी आणि रविवारी, खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध डेअरीसाठी. सकाळ-संध्याकाळ संकलन, दर दहा दिवसांनी बिल, बिलातून पेंडीची आणि उचलीची कपात, आणि फॅट-एसएनएफवर (दुधातली चरबी आणि चरबीखेरीजचे घन घटक) ठरणारा दर, जो वरून कधीही बदलून येतो. आधी हे सगळं एका स्प्रेडशीटवर चालायचं आणि दर बदलला की मागची बिलंसुद्धा हलायची. सचिव अण्णा वैतागून म्हणाले, "कालचं बिल आज बदलतंय, लोकांना काय सांगायचं रे?" तिथून हे काम माझ्याकडे आलं.

क्लोजर ही लिस्पच्या घराण्यातली आजची भाषा. लिस्प १९५८ सालची, जॉन मॅकार्थींची. क्लोजर रिच हिकींनी २००७ मध्ये लोकांसमोर आणली, आणि ती जावाच्याच जेव्हीएमवर, म्हणजे जावाचे प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेवर, चालते. मी तिच्याकडे वळलो ते यामुळेच. पावती छापणं, पीडीएफ काढणं यासाठी जावातल्या लायब्ऱ्या (तयार कोडचे संच) जशाच्या तशा हाताशी असतात.

क्लोजरमध्ये सगळा कोड कंसांत कंस असा लिहितात. त्या कंसांचं आधी सांगून टाकतो, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. दोन आठवडे त्रास झाला. व्हीएस कोड या एडिटरमध्ये काल्वा हे क्लोजरसाठीचं जोड-साधन टाकलं आणि कंस हातानं मोजायचं सोडून दिलं, तसा त्रास संपला. एक आख्खा कंस उचलून दुसऱ्याच्या आत सरकवायची सवय लागली की जावा लिहिताना उलट तीच सोय आठवते.

खरी गोष्ट रेपलची, म्हणजे चालू प्रोग्रामशी बोलायच्या खिडकीची. प्रोग्राम चालू असतो, डेटा त्याच्या पोटात असतो, आणि तुम्ही एकेक ओळ त्याला विचारत जाता. हे सगळीकडे लिहिलेलं असतं, मला ते पटलं तिसऱ्या महिन्यात.

आमच्याकडे नोंद करायला दोन मुली आहेत. सकाळची मराठी शाळेतली, संध्याकाळची कन्नड शाळेतली. दोघी मोबाईलवर नोंद करतात, आपापल्या कीबोर्डवर. एका दिवशी एक म्हातारी आजी काउंटरवर पावती आपटून म्हणाली, "म्हस माझी आटली न्हाई अजून बाळा, शून्य लिटर कसं लिहिलंस?" बघतो तर तिच्यासारख्या बारा-पंधरा जणांचं लिटर शून्य. खातं बरोबर, नाव बरोबर, तारीख बरोबर, फक्त लिटर आणि फॅट शून्य.

मी कच्ची नोंद रेपलमध्ये ओढून घेतली. ती अशी होती:

{:खाते "४१" :वेळ :सकाळ :लिटर "६.५" :फॅट "४.२"}

आकडे देवनागरी. संध्याकाळच्या काही ओळींत कन्नड. मग एकेक फंक्शन त्याच नोंदीवर चालवून पाहिलं. पूर्णांक वाचणारं पार्स-लाँग "४१" बिनतक्रार वाचतं, कारण त्याच्या मागे जावाचं जे फंक्शन आहे ते युनिकोडमधला (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) कुठल्याही लिपीचा अंक ओळखतं, कन्नडसुद्धा. दशांश वाचणारं पार्स-डबल मात्र फक्त इंग्रजी अंक घेतं. "६.५" दिलं की ते चूक दाखवत नाही, गुपचूप निल, म्हणजे 'काहीच नाही', परत करतं. आणि निल आलं तर शून्य धर, असं मीच लिहून ठेवलं होतं. त्या एका ओळीनं आजीचं दूध खाल्लं.

त्याच बैठकीत बिगडेक हे दुसरं फंक्शन वापरून पाहिलं. ते दशांश अचूक ठेवतं, आणि देवनागरी, कन्नड दोन्ही अंक वाचतं. शिवाय नोंदीत गडबड असली तर तिथल्या तिथे अडतं, शून्य करून पुढे जात नाही. दहा मिनिटांत कारण सापडलं, विसाव्या मिनिटाला चालू प्रोग्राममध्येच फंक्शन बदललं आणि संध्याकाळच्या रांगेतल्या पावत्या बरोबर निघाल्या. प्रोग्राम बंद केला नाही, नवीन बिल्ड नाही. नोकरीत अशा चुकीला माझा अर्धा दिवस जातो.

तसंही पैशाच्या हिशेबाला बिगडेकच हवं, डबल या अंदाजी दशांश प्रकारात पैसे सांडतात. फक्त एक खाच लक्षात ठेवा. सरासरी फॅट काढताना भागाकार केलात आणि उत्तराचे दशांश संपत नसतील, तर बिगडेक सरळ थांबतं आणि अचूक उत्तर नाही म्हणून सांगतं. किती अंकांपर्यंत धरायचं ते विथ-प्रिसिजननं आधी ठरवून द्यावं लागतं. मला हे आवडलं. पैसे कुठे आणि कसे राउंड करायचे हे भाषेनं परस्पर ठरवू नये, ते डेअरीच्या सभेत ठरावं.

अजून एक अंकांचंच: नोंद तपासायला मी रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुराचा साचा जुळवून पाहणाऱ्या सूत्रात, अंकांचं नेहमीचं चिन्ह वापरलं होतं. तेही सांगितल्याशिवाय देवनागरी अंक पकडत नाही. मराठी-कन्नड सीमेवर काम करणाऱ्यानं हे पहिल्याच दिवशी करून ठेवावं.

वर दिसतंय तसं मी नोंदीतली नावं मराठीतच ठेवली आहेत, :लिटर, :कपात, :उचल. चालतात. फंक्शनांची नावं इंग्रजीत, कारण सगळी मिळून फाईल बांधताना नसती भानगड नको. आणि देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसल्यामुळे एडिटरमध्ये ओळी एकाखाली एक नीट बसत नाहीत, हे डोळ्याला खुपतं.

अण्णांची मूळ तक्रार मिटली ती क्लोजरच्या स्वभावामुळे. इथे एकदा बनलेली यादी किंवा नकाशा (वरच्या नोंदीसारख्या नाव-किंमत जोड्या) बदलत नाही. बदल केला की नवीन मिळतो, जुना तसाच राहतो. आतून ती फांद्यांची झाडं असतात, एका गाठीला बत्तीस फांद्या, आणि न बदललेल्या फांद्या जुन्या-नव्यात सामाईक, म्हणून मेमरी उधळली जात नाही. माझं बिलाचं फंक्शन त्या तारखेचं दरपत्रक आणि त्या दहा दिवसांच्या नोंदी घेतं आणि बिल देतं, बस. जुन्या फायली ठेवल्या आहेत, त्यामुळे जूनचं बिल ऑक्टोबरात काढलं तरी पैशाचा फरक पडत नाही. एका सभासदानं चार महिन्यांपूर्वीच्या कपातीबद्दल वाद घातला, तेव्हा अण्णांनी त्याच्यासमोर बिल पुन्हा काढून दाखवलं. वाद तिथेच संपला.

आता जे सोसलं ते. चुकांचे संदेश वाईट आहेत. जावाचा स्टॅक ट्रेस, म्हणजे चूक कुठून कुठे आली त्याची यादी, हातभर लांब, आणि त्यात तुमची ओळ कुठेतरी मधे. मी जावातला असून सुरुवातीला हरवलो, नवख्याचं काय होईल ते मला माहीत आहे.

दुसरं आळशी यादी. बिलाच्या रात्री पावत्या छापायच्या होत्या. घरी रेपलमध्ये तपासलं, सगळ्या छापल्या. डेअरीत बांधलेला प्रोग्राम चालवला, एकही नाही. पाऊस, लाईट जा-ये, अण्णा बसून. यादीतल्या प्रत्येकावर काम करणारं मॅप हे फंक्शन आळशी आहे, कुणी उत्तर मागितल्याशिवाय काम करत नाही. रेपल उत्तर दाखवण्यासाठी ते मागतं, बांधलेला प्रोग्राम मागत नाही. छपाईसारख्या कामाला लगेच काम करणारं डूसेक वापरायचं, हे त्या रात्री साडेदहाला कळलं. हे आधी वाचलं होतं, पण हाताला लागेपर्यंत डोक्यात बसलं नव्हतं.

सुरू व्हायला वेळ लागतो, डेअरीच्या जुन्या संगणकावर जास्तच. आम्ही सकाळी एकदा चालू करतो आणि रात्रीपर्यंत ठेवतो. छोट्या कामांना, म्हणजे बॅकअप, फायली हलवणं, बॅबाश्का हे क्लोजर चालवणारं हलकं साधन घेतलं. ते लगेच उठतं आणि भाषा तीच.

सभासदांची यादी अकारविल्हे लावताना ळ नं दमवलं. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे, व च्या आधी. आपल्या मुळाक्षरांत तो ह नंतर. मी प्रत्येक नावाचा अक्षरक्रमांकांचा व्हेक्टर (क्रमानं लावलेली यादी) करून लावायला गेलो, तर आखूड नावं सगळी वर आली, कारण क्लोजर दोन व्हेक्टरांची तुलना करताना आधी लांबी पाहतं. शेवटी तुलनेपुरतं ळ च्या जागी ह नंतर येणारं एक चिन्ह ठेवलं आणि सुटलो.

सगळ्यात मोठी काळजी वेगळीच आहे. व्हीटीयू या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावात, जावा आणि पायथन शिकलेली पोरं दरवर्षी बाहेर पडतात, पण क्लोजर लिहिणारा ओळखीत एकही नाही. उद्या मी पुण्याला गेलो तर हे कोण बघणार? म्हणून प्रत्येक फंक्शनवर ते काय करतं हे मराठीत लिहून ठेवलं आहे, आणि सगळा प्रोग्राम मिळून हजार ओळींच्या आतच ठेवला आहे. जावात एवढ्यात मावला नसता, हे मी रोज जावा लिहिणारा म्हणून सांगतो. नियम सतत बदलणारे हिशेब ज्यांच्याकडे आहेत, मग ती पतसंस्था असो की ऊस तोडणीच्या टोळ्या, त्यांच्यासाठी लिहिणाऱ्यानं ही भाषा जरूर घ्यावी. पण दुसरा एक माणूस सोबत शिकायला तयार करून मगच.

माझ्याकडे तो दुसरा माणूस बहुधा संध्याकाळच्या पाळीची मुलगी होईल. परवा स्क्रीनवरची नोंद वाचून तिनं मला विचारलं, "दादा, ते :उचल बदलून मुंगड करता येतं का ओ? पावती घरी आप्पांना वाचता येत नाही." मुंगड म्हणजे कन्नडमध्ये आगाऊ रक्कम. नोंदीतली नावं तशीच ठेवून पावतीवर कन्नड नाव आणायला एक छोटा नकाशा पुरतो. पहिल्या चार ओळी तिनंच लिहिल्या, कंसांसकट. येत्या बिलाला तिच्या आप्पांची पावती कन्नडमध्ये निघेल.