डोंबिवली ते सीप्झ शटल बसचा अडीच महिन्यांचा अनुभव (आणि त्यापायी सोडलेलं कॉन्ट्रॅक्ट)

५ पैकी ३ स्टार देतेय. सीटसाठी पूर्ण मार्क, वेळेसाठी जवळजवळ शून्य. कंपनीचं नाव घेत नाही कारण या रूटवर अशा दोन-तीन बस आहेत आणि रस्ता सगळ्यांना एकच आहे, त्यामुळे ज्याला सीप्झ (अंधेरी पूर्वेचा कंपन्यांचा भाग), एमआयडीसी, साकीनाका या भागात रोज जायचंय त्याने कुठल्याही ॲपचा पास काढायच्या आधी हे वाचावं.

मी फ्रीलान्स यूआय डिझायनर (ॲप-वेबसाइटचे स्क्रीन डिझाइन करते), सहा वर्षं घरूनच काम करते. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या एका क्लायंटचं सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, महिना ८०,०००, काम माझ्या आवडीचं, टीम चांगली. अट एकच, पाचही दिवस ऑफिसला यायचं. म्हटलं सहाच महिने तर आहेत, काढू.

आधी सगळे विचारतात ते सांगते, लोकल का नाही? लोकलने खरंतर लवकर होतं. डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, आणि ऑक्टोबर २०२४ ला मेट्रो ३ चालू झाल्यापासून मरोळ नाक्याला बदलून सरळ सीप्झ स्टेशन. पहिले चार दिवस मी तसंच गेले, पावणेदोन तासांत दारात. पण २०२३ ला माझी कमरेची गादी सरकलेली, डॉक्टरांनी उभ्याने धक्के खात प्रवास करू नका असं स्पष्ट सांगितलंय, आणि सकाळी साडेसातला डोंबिवलीला बसायला मिळेल ही आशा करण्यातच अर्थ नाही. चौथ्या दिवशी घाटकोपरला उतरताना पाठीवरच्या लॅपटॉपची बॅग मागे गर्दीत अडकली आणि मी पुढे, कमरेत जी कळ गेली ती मेट्रोत बसेपर्यंत थांबली नाही. त्याच संध्याकाळी शटलचा पास काढला, ४४ राइड्स, ५,२०० रुपये.

आता बसबद्दल. बस खरंच चांगली. एसी नीट चालतो, सीट मागे जाते, चार्जिंग पॉइंट माझ्या सीटचा तरी चालू होता, पडदे स्वच्छ. सकाळचे ड्रायव्हर काका अतिशय सभ्य, घरडा सर्कलला (डोंबिवलीतला आमचा स्टॉप) पाऊस असला की बस अगदी फूटपाथला चिकटवून उभी करायचे म्हणजे आमचे पाय डबक्यात नकोत. लेडीजला शेजारी लेडीज असा ऑप्शन ॲपमध्ये आहे आणि तो पाळतात. शक्यतो डावीकडची सीट घ्या, ठाणे-बेलापूर रोडला सकाळचं ऊन उजवीकडून येतं. कमरेला या अडीच महिन्यांत बसने काही त्रास दिला नाही, हे मी मनापासून सांगते.

पण ॲपवर वेळ लिहिलीय दीड तास. ७:०५ ला घरडा, ८:३५ ला सीप्झ गेट.

मी दुसऱ्या आठवड्यापासून वहीत वेळ लिहायला लागले, कारण घरी सगळे म्हणायला लागले की तुला उगाच जास्त वाटतंय. ४१ दिवसांच्या नोंदी आहेत. जाताना सरासरी २ तास १० मिनिटं, येताना २ तास ३५. दीड तासात पोचलो असा दिवस त्या ४१ मध्ये एकच, तोही सुट्टीला जोडून आलेला शुक्रवार. अंतर ४० किलोमीटरच्या आसपासच आहे, पण अडकायच्या जागा ठरलेल्या आहेत. कल्याण-शीळ रोडला मेट्रो १२ चं काम, काटई नाका, पलावा, मग शीळफाट्याला जेएनपीटी बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरची रांग. महापे ते ऐरोली बरं जातं, तेवढ्यात लोक झोपून घेतात. ऐरोली पुलावरही ठीक (छोट्या गाड्यांना तिथला टोल ऑक्टोबर २०२४ पासून माफ झालाय, बसला भरावा लागतो, पण त्यात आमचा वेळ फार जात नव्हता). खरी परीक्षा जेव्हीएलआरला (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड). तिथे मेट्रो ६ च्या कामामुळे रस्ता अरुंद झालाय आणि गांधीनगर ते पवई हा तुकडा संध्याकाळी सरकतच नाही.

जुलैतली एक संध्याकाळ सांगते कारण निर्णय तिथेच झाला. साडेसहाची बस सातला आली. पावणेआठला आम्ही एल अँड टी च्या गेटसमोर, पुढे नुसते लाल दिवे, काचेवर पाणी, आणि मोबाईलवर पोचायची वेळ ८:५२ ची ९:१० झाली, मग ९:२५. मुलगी चौथीत, दुसऱ्या दिवशी परिसर अभ्यासचा तक्ता द्यायचा होता, तिचा फोन आला, आई नद्या कुठल्या रंगाने करू. मी म्हटलं निळ्या, थांब मी आलेच. नंतर सासूबाईंचा फोन, अगं तू कुठवर आलीस, पोळ्या करून ठेवू का. घरी पोचले १०:०५ ला. डायनिंग टेबलवर कार्डशीट पसरलेली, गोदावरी अर्धी काढलेली, फेव्हिकॉलचं झाकण उघडं राहून वर पापुद्रा धरलेला, आणि ती सोफ्यावर युनिफॉर्मच्या स्कर्टमध्येच झोपलेली. मी बसून उरलेल्या नद्या काढल्या, बारा वाजले. सकाळी परत ७:०५.

त्या शनिवारी वही काढून हिशोब केला, जो मी सही करायच्या आधी करायला हवा होता. २२ दिवस रोजचे ८ तास धरले तर माझा रेट पडतो तासाला ४५४. त्यात रोजचे पावणेपाच तास प्रवासाचे मिळवले आणि पासचे पैसे वजा केले की उरतात २६६. एवढ्यात मी नवीन असतानासुद्धा काम घेतलं नव्हतं. आणि वर बाकीचे छोटे क्लायंट, जे मी रात्री करू म्हणाले होते, त्यातले दोन गेले कारण रात्र उरायचीच नाही. बसमध्ये लॅपटॉप उघडून काम होईल असं ॲपच्या जाहिरातीत दाखवतात, ते विसरा, शीळ रोडच्या खड्ड्यांत माऊस सोडा, नजर ठरत नाही, मला दोनदा मळमळलं.

क्लायंटला आधी विचारलं, तीन दिवस ऑफिस दोन दिवस घरून चालेल का. टीम लीड मराठीच, वयाने मोठे, ते म्हणाले अगं मला चालेल पण डेटा बाहेर न्यायला परवानगी नाही, वरून नाहीच म्हणतील. वरून नाहीच आलं. कॉन्ट्रॅक्टमध्ये दोन्हीकडून १५ दिवसांची नोटीस असं कलम होतं (सही करताना हे कलम बघून घेतलं होतं, एवढं एक शहाणपण केलं), त्याप्रमाणे मेल केला. कारण खरं तेच लिहिलं, प्रवास झेपत नाही. तब्येत, घरगुती अडचण असलं काही पुढे केलं नाही, आणि मला वाटतं म्हणूनच कोणी वाईट मानलं नाही. त्या १५ दिवसांत सगळ्या फाइल्स नावं लावून, कुठला स्क्रीन कुठवर आलाय ते लिहून दिलं. टीम लीड सर शेवटच्या दिवशी म्हणाले, घरून करायचं काही निघालं तर तुलाच फोन करतो. वाईट वाटलं, खरंच वाटलं. काम अर्धं सोडायची माझी ही पहिलीच वेळ.

शेवटचं बिल १० टक्के टीडीएस कापून वेळेत आलं. फ्रीलान्सर मंडळींनी उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी) करून ठेवा, २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, बिलावर तो नंबर टाकला की विचारायला तोंड राहतं.

बसवाल्यांचं मात्र तसं नाही. तीन वेळा संध्याकाळची बस कॅन्सल, मेसेज वीस मिनिटं आधी. पासच्या ११ राइड्स उरल्या होत्या, पैसे परत मागितले तर चॅटवर सांगितलं की पॉइंट्स वॉलेटमध्ये जमा करू, तीन महिने चालतील. मी आता त्या रूटला जातच नाही तर पॉइंट्स घेऊन काय करू? सीट विकताय ना, मग वेळ खरी लिहा. दोन तास १० मिनिटं लिहिलं असतं तर मी कॉन्ट्रॅक्टचं बोलतानाच तीन दिवसांवर अडून बसले असते किंवा रेट वाढवून मागितला असता.

कोणाला चालेल: ज्यांना ऐरोली, रबाळे, महापेला उतरायचंय त्यांनी जरूर घ्या, ते लोक तासाभरात पोचायचे आणि खूष असायचे. सकाळी ५:५० ची बस असते, तीही बरी पळते, शेजारच्या ताई तिने जायच्या आणि साडेतीनला सुटायच्या. बाकी साडेनऊ ते साडेसहा वाल्यांनी आधी सुटे तिकीट काढून एका मंगळवारी किंवा बुधवारी जाऊन-येऊन बघा, रविवारी बघू नका, आणि संध्याकाळचा फेरा तर नक्कीच करा. महिन्याचा पास त्यानंतर.