मुंगळे की वाळवी? आधी भुसा बघा

न्यू जर्सीत एप्रिल-मेमध्ये बाथरूमच्या खिडकीपाशी पंखवाले किडे दिसले की आपल्या माणसाच्या तोंडी आधी वाळवीच येते. गावाकडच्या पोखरलेल्या चौकटी विसरत नाहीत ना! पण इथल्या लाकडी घरांत सुतार मुंगळेही तितकेच असू शकतात, आणि दोन्हींचा इलाज अगदी वेगळा.

गुळाच्या ढेपेवर चढणारा आपला काळा मुंगळा यांच्याच जातकुळीतला, फक्त तो जमिनीत घर करतो. इथला लाकडात करतो. मात्र तो लाकूड खात नाही, कोरून बाहेर टाकतो. वाळवी खाते.

आमच्या खिडकीखाली पेन्सिलीला टोक काढल्यावर पडतो तसा भुसा साचला होता, त्यात मुंगळ्यांचे तुटके पाय. फळीत स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला! आतली पोकळी पॉलिश पेपर मारल्यासारखी गुळगुळीत. वाळवी असती तर भुशाऐवजी आत माती आणि पायाच्या भिंतीवर पेन्सिलीएवढ्या जाड मातीच्या नळ्या दिसल्या असत्या.

पंखवाला किडा सापडलाच तर कंबर बघा. मुंगळ्याची बारीक, मिशा कोपरात वाकलेल्या, पुढचे पंख लांब. वाळवीला कंबर अशी नसतेच, चारही पंख सारखे.

वाळवी निघाली तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. घराच्या पायाभोवती जमिनीत औषध किंवा आमिषाचे डबे, तेही परवानाधारकाकडूनच.

मुंगळ्यांसाठी मात्र तो खर्च फुकट. आमच्याकडे आलेल्या पेस्ट कंट्रोलवाल्याने भुशाकडे न बघताच जमिनीतल्या औषधाचा आकडा सांगितला होता. मुंगळ्यांना भिजलेलं, मऊ पडलेलं लाकूड आवडतं, म्हणून पैसे आधी गळती काढायला आणि कुजकी फळी बदलायला ठेवा. छताला टेकलेल्या फांद्या छाटा. मग संथ काम करणारं आमिष ठेवा, म्हणजे कामकरी ते वारुळात नेऊन राणीला भरवतील. रांगेवर स्प्रे मारलात तर समोरचे मरतात, राणी सुखरूप.

शिवाय घरात बहुतेकदा फक्त शाखा असते, मूळ वारूळ बाहेर. रात्री टॉर्चवर लाल कागद लावून रांगेमागे जा. आमची रांग खिडकीतून उतरून कुंपणापलीकडे मेपलच्या कुजक्या बुंध्यात शिरत होती.