द्यूरकेम की वेबर: एकाच प्रश्नाकडे जाणाऱ्या दोन वाटा

धर्माचा माणसाच्या वागण्यावर काय परिणाम होतो, हा तो प्रश्न. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील द्यूरकेम सुरुवात करतो आकड्यांपासून. आत्महत्येवरच्या १८९७ च्या ग्रंथासाठी त्याचा भाचा मार्सेल मोस याने सुमारे २६ हजार प्रकरणांची वय, लिंग, वैवाहिक स्थिती अशी वर्गवारी केली. प्रॉटेस्टंट ख्रिश्चनांमध्ये आत्महत्यांचं प्रमाण जास्त, कॅथलिकांमध्ये कमी. कारण कॅथलिक समूहाची वीण घट्ट, हा निष्कर्ष. गोची नोंदीतच आहे. आत्महत्या जिथे महापाप, तिथे ‘अपघाती मृत्यू’ लिहून मोकळे होण्याकडे कल असतो. शिवाय प्रांताच्या सरासरीवरून एकेका माणसाबद्दल काही सांगता येत नाही.

जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर १९०४-०५ च्या लेखनात तेच दोन पंथ घेतो, पण विचारतो: माणूस स्वतःच्या कृतीला कोणता अर्थ देतो? आपला उद्धार आधीच ठरलाय की नाही, या कॅल्व्हिनपंथी (प्रॉटेस्टंटांमधल्या एका शाखेच्या) धास्तीतून शिस्तबद्ध कष्ट आणि बचत आली, असं तो मांडतो. आकडे इथे दुय्यम, आणि तपासलेलेही नाहीत: जर्मनीतल्या बाडेनच्या शाळांमधल्या विद्यार्थ्यांच्या धर्माच्या उसन्या तक्त्यात एका ओळीची बेरीज चक्क १०९ टक्के भरते! मुख्य युक्तिवाद मात्र त्या ओळीवर उभा नाही.

हाताशी तुलना करण्याजोग्या सरकारी नोंदी असतील तर द्यूरकेम धरावा. प्रवचनं, पत्रं, रोजनिशा असतील तर वेबर. परीक्षेच्या गाइडांमधली ‘समाज विरुद्ध व्यक्ती’ ही विभागणी फारच ढोबळ आहे.